ठोकळ्यांचं शहर खरं कसं दिसेल? खुल्या डेटातून त्रिमितीय नकाशा

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून इमारती उतरवून घेतल्या, उंचीच्या फाइलवर उपग्रहचित्र पसरलं आणि रेंडर केलं, म्हणजे संगणकाकडून चित्र काढून घेतलं. समोर येतं ते राखाडी ठोकळ्यांचं शहर आणि त्यामागे मेणाचा वाटावा असा डोंगर. डेटा सगळा बरोबर असतो, तरी चित्र पटत नाही. अशा वेळी बहुतेक नवे लोक आणखी बारीक टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवायची चित्रं, शोधायला लागतात. मीही महिनाभर तेच करत होतो. भिंतींना विटा लावल्या, खिडक्या लावल्या, चित्र होतं तसंच राहिलं. डोळा विटांकडे फार उशिरा बघतो. इमारत जमिनीवर नीट टेकली आहे का, ऊन एकाच दिशेने येतंय का, लांबचं लांब वाटतंय का, हे तो आधी जोखतो. म्हणून इथे क्रमही तसाच ठेवला आहे: जमीन, पाणी, इमारती, झाडं, ऊन आणि हवा. विटा सगळ्यांत शेवटी.

साधनं दोनच लागतील आणि दोन्ही फुकट आहेत. नकाशाचा डेटा तयार करायला क्यूजीआयएस आणि चित्र बनवायला ब्लेंडर. ब्लेंडरमध्ये ओपनस्ट्रीटमॅपच्या इमारती आणायला ब्लॉस्म हे ॲड-ऑन सोयीचं आहे, उंचीच्या फाइलींसाठी ब्लेंडरजीआयएस. नकाशा ब्राउझरमध्ये फिरवता यायला हवा असेल तर मॅपलिब्रे किंवा सीझियम घ्या. पुढच्या बहुतेक गोष्टी तिथेही लागू पडतात.

पहिल्या प्रयत्नाला जागा लहान निवडा. दोन किलोमीटर लांब, दोन किलोमीटर रुंद, शक्यतो तुम्ही स्वतः पायी फिरलेली. जागा ओळखीची असली की चूक कुठे आहे ते लगेच कळतं.

पायरी १: आधी माप, मग जमीन

उतरवलेला डेटा बहुधा अक्षांश-रेखांशात असतो, म्हणजे आडवी मापं अंशांत आणि उंची मीटरमध्ये. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. हा फरक न मिटवता मेश (त्रिमितीय जाळी) बनवली तर टेकड्यांच्या जागी सुया उभ्या राहतात. शिवाय विषुववृत्तापासून दूर जावं तसा रेखांशाचा अंश आखडत जातो, ६० अंश अक्षांशावर तो निम्माच उरतो. म्हणून सगळे लेयर आधी क्यूजीआयएसमध्ये त्या भागाच्या यूटीएम पट्ट्यात बदलून घ्या. पृथ्वीवर असे ६ अंश रुंदीचे ६० पट्टे आहेत आणि त्यांत लांबी, रुंदी, उंची सगळं मीटरमध्ये येतं. बदलताना उंचीच्या फाइलला ‘बायलिनियर’ किंवा ‘क्युबिक’ पद्धत द्या. ‘निअरेस्ट’ ठेवलंत तर उतारावर दातेरी कडा येतात.

उंचीचा डेटा कुठून आणायचा? जगभरासाठी दोन नावं पुरेशी आहेत. एक एसआरटीएम. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने हे मोजमाप केलं. दुसरं कोपर्निकस या युरोपच्या पृथ्वीनिरीक्षण कार्यक्रमाचं ३० मीटरचं मॉडेल, जे टॅनडेम-एक्स या जोडउपग्रहांच्या मोजणीवर उभं आहे. नव्या कामाला मी कोपर्निकसच घेतो, त्यातले उतार जास्त नितळ येतात. काही देशांनी लायडारने, म्हणजे लेझर किरणांनी, मोजलेली एक मीटर किंवा त्याहून बारीक उंचीही खुली केली आहे. नेदरलँड्सने तर अख्ख्या देशाची. तुमच्या जागेसाठी लायडार मिळत असेल तर दुसरं काही शोधू नका.

आता एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. एसआरटीएम काय, कोपर्निकस काय, दोन्हींत नुसती जमीन नसते. रडारला झाडांचे शेंडे आणि इमारतींची छपरंही दिसतात. त्यामुळे दाट वस्तीच्या जागी जमीनच फुगलेली असते. त्या फुगवट्यावर आपण पुन्हा इमारती उभ्या करतो, म्हणजे एकच उंची दोनदा मोजली जाते आणि सपाट रस्ता लाटांसारखा वरखाली होतो. उपाय सोपा आहे. वस्तीच्या भागाचा एक मुखवटा (तेवढाच भाग निवडणारं चित्र) करा, त्या भागात शेजारच्या पिक्सेलांतली किमान उंची घ्या आणि मग ती जमीन हलकी गुळगुळीत करून घ्या. डोंगराला मात्र हात लावू नका, तिथल्या कडा टोकदार राहिल्या पाहिजेत. लायडारमध्ये ‘डीटीएम’ आणि ‘डीएसएम’ अशा दोन वेगळ्या फाइली मिळतात. ‘डीटीएम’ म्हणजे उघडी जमीन, आपल्याला तीच हवी.

आणखी एक खोच. ब्लेंडरमध्ये नेण्यासाठी उंचीची फाइल पीएनजी म्हणून साठवताना ती १६ बिटची आहे ना, ते बघा. माझ्या पहिल्या डोंगरावर जिन्यासारख्या पायऱ्या आल्या होत्या. जवळ जाऊन मोजलं, प्रत्येक पायरी साडेचार-पाच मीटरची. ८ बिटच्या चित्रात फक्त २५६ पातळ्या मावतात आणि माझ्या डोंगराचा चढ १२०० मीटरचा होता. भागाकार केल्यावर उलगडा झाला. १६ बिटमध्ये ६५,५३६ पातळ्या असतात, म्हणजे तोच चढ दोन सेंटिमीटरहून लहान टप्प्यांत विभागला जातो. फाइल साठवताना एक पर्याय बदलला आणि डोंगर जागच्या जागी डोंगर झाला. या उंचीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये रंगप्रकार (‘कलर स्पेस’) ‘नॉन-कलर’ ठेवायलाही विसरू नका, नाहीतर ब्लेंडर उंचीलाच रंग समजून वाकवतो.

उंची वाढवून दाखवण्याचा मोह आवरा. शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात दीडपट खपून जाते. पण इमारती दिसत असतील तर जमीन एकास एकच हवी, कारण घराची उंची सगळ्यांना ठाऊक असते.

पायरी २: जमिनीचा रंग

सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहांची चित्रं खुली आहेत, दृश्य रंगांत एक पिक्सेल १० मीटरचा. लाल, हिरव्या, निळ्या रंगासाठी ४, ३ आणि २ हे बँड (रंगपट्टे) लावायचे. दूरच्या दृश्याला ही चित्रं उत्तम. कॅमेरा जवळ आणलात की मात्र १० मीटरचा एकेक ठिपका पडद्यावर गोधडीच्या ठिगळाएवढा होतो. म्हणून दूरच्या भागाला उपग्रहचित्र द्या. जवळच्या भागात ओपनस्ट्रीटमॅपमधले शेत, गवत, जंगल, खडक यांचे आकार घेऊन त्यांवर पॉली हेवन किंवा ॲम्बियंटसीजी इथली टेक्श्चर लावा. दोन्ही ठिकाणची टेक्श्चर सीसी-शून्य परवान्याची आहेत, कुठेही वापरता येतात. दोन भागांच्या सांध्यावर पन्नासेक मीटरचा मऊ पट्टा ठेवा.

इथे उन्हाचा एक सापळा आहे. सेंटिनेल-२ कुठल्याही जागेवरून तिथल्या सौरवेळेनुसार सकाळी साधारण साडेदहाला जातो. म्हणजे उत्तर गोलार्धातल्या बहुतांश भागात चित्रातलं ऊन आग्नेयेकडून येतं आणि डोंगराची वायव्य बाजू काळोखी असते. ती सावली चित्रात कायमची छापलेली आहे. तुम्ही ब्लेंडरमध्ये सूर्य पश्चिमेला ठेवलात तर दोन्ही उतार काळे पडतात आणि डोंगराचा आकारच हरवतो. एकतर तुमचा सूर्यही आग्नेयेला ठेवा, नाहीतर सूर्य डोक्यावर असतानाच्या महिन्यातलं चित्र निवडा, म्हणजे सावल्या आखूड असतात. मी दुसरा रस्ता घेतो, त्यामुळे सूर्य फिरवायची मोकळीक राहते.

पायरी ३: पाणी

पाण्यावर वेळ घालवावा लागत नाही, पण ते चुकलं की लगेच खटकतं. उंचीच्या डेटात तळं खडबडीत येतं आणि नदी चढ चढते. ओपनस्ट्रीटमॅपमधून पाण्याचा आकार घ्या, तळ्याची सगळी जमीन काठाच्या किमान उंचीवर सपाट करा. नदीला मात्र उगमाकडून मुखाकडे सावकाश उतरतं ठेवा. मटेरिअलला ‘आयओआर’ (अपवर्तनांक) १.३३ आणि रफनेस (खडबडीतपणा) अगदी कमी द्या. मग पायाखालचं पाणी खोल, गडद दिसतं आणि लांबचं पाणी आकाश दाखवतं. निळा रंग भरू नका, आकाश असलं की तो आपोआप येतो.

समुद्राबाबत एक लक्षात ठेवा. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये किनारा ही नुसती रेघ असते, भरलेला आकार नसतो. पाण्याचे तयार बहुभुज वेगळे उतरवून घ्यावे लागतात.

पायरी ४: इमारती, आणि मूळ नकाशातली दुरुस्ती

खरी मेहनत इथे आहे. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये असंख्य इमारतींवर फक्त ‘बिल्डिंग=येस’ एवढाच टॅग, म्हणजे माहितीची चिठ्ठी, असतो. मग प्रोग्रॅम सगळ्यांना एकच ठरावीक उंची देतो आणि शहर कापलेल्या वडीसारखं दिसतं. उंची तीन ठिकाणांहून मिळते. ‘हाइट’ टॅग असेल तर तो घ्या. नसेल तर ‘बिल्डिंग:लेव्हल्स’, म्हणजे मजले, गुणिले सुमारे ३ मीटर. तेही नसेल तर अंदाज करा, पण शहाणपणाने: इमारतीचं क्षेत्रफळ आणि आजूबाजूच्या इमारतींचे मजले बघून. अंदाजात थोडा फरक आपणहून मिसळा, अर्धा-पाऊण मीटर इकडेतिकडे. शेजारची चार घरं मिलिमीटरपर्यंत सारखी कधीच नसतात.

आणि चाळणी लावा. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आला तेव्हा मेलबर्नच्या एका साध्या उपनगरात आभाळाला टेकलेला एक सुळका उभा दिसला. कुणीतरी ओपनस्ट्रीटमॅपमध्ये दोन मजल्यांऐवजी २१२ मजले टाइप केले होते. नकाशात ती चूक दुरुस्तही झाली, पण खेळात गेलेला डेटा जुना होता. तुमच्या डेटातल्या सर्वांत उंच वीस इमारती काढून डोळ्यांनी बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

छपरांनी जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशानेच पडत नाही. नकाशा वरून बघतात, म्हणजे प्रेक्षकाला भिंतींपेक्षा छपरंच जास्त दिसतात. नगरांच्या मॉडेलमध्ये याला तपशिलाच्या पायऱ्याही (‘एलओडी’) आहेत: नुसता ठोकळा म्हणजे ‘एलओडी १’, छपराचा आकार आला की ‘एलओडी २’. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये ‘रूफ:शेप’ या टॅगमध्ये सपाट, दोन पाखी, चार पाखी, एका बाजूला उतरतं, घुमटाकार असे प्रकार नोंदवता येतात. ‘रूफ:कलर’मध्ये रंग. स्पेलिंग ब्रिटिश पद्धतीचं (colour) लागतं, अमेरिकन (color) लिहिलं की प्रोग्रॅम ते ओळखत नाही.

एक इमारत जवळून बघू. समजा एक सभागृह आहे, चार पाखी छपराचं, आणि त्याच्या कोपऱ्यात मनोरा. भिंत ९ मीटर, त्यावर ३ मीटरचं छप्पर, मनोरा २४ मीटर. आधी पूर्ण बाह्याकृती काढायची, तिच्यावर ‘बिल्डिंग’ टॅग, नाव, पत्ता. मग आत दोन भाग, दोन्हींवर ‘बिल्डिंग:पार्ट’. सभागृहाच्या भागाला ‘हाइट’ १२ आणि ‘रूफ:हाइट’ ३. इथे हमखास चूक होते, लोक ‘हाइट’ ९ लिहितात. पण ‘हाइट’मध्ये छप्पर धरलेलं असतं, ‘लेव्हल्स’मध्ये मात्र छपरातले मजले धरत नाहीत. मनोऱ्याला ‘हाइट’ २४. मनोऱ्याखालून वाट जात असेल तर त्या भागाला ‘मिन_हाइट’ ४ द्या, म्हणजे तो चार मीटरवरून सुरू होईल आणि खाली कमान मोकळी राहील. भाग एकदा काढले की प्रोग्रॅम बाह्याकृती उभी करत नाही, फक्त भाग उभे करतो. त्यामुळे दोन्ही भागांनी मिळून पूर्ण आकृती झाकली पाहिजे, नाहीतर इमारतीत भोक पडतं.

ही दुरुस्ती स्वतःच्या ब्लेंडर फाइलमध्ये करण्यापेक्षा ओपनस्ट्रीटमॅपमध्येच करा, असं मी कळकळीने सांगेन. ब्लेंडरमध्ये केलेलं छप्पर तुमच्या एका चित्रापुरतं राहतं. नकाशात नोंदवलेलं छप्पर तुमच्या पुढच्या प्रत्येक नकाशात येतं, आणि दुसऱ्या कुणाच्याही. अँड्रॉइडवरचं स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप रस्त्यावर उभं राहून मजले आणि छपराचा आकार विचारतं, आपण बघून उत्तर द्यायचं. संध्याकाळच्या फेरीत एक गल्ली होते. दोन पथ्यं मात्र पाळा. चित्र छान दिसावं म्हणून खोटा टॅग लावायचा नाही, जे आहे तेच लिहायचं. आणि व्यापारी नकाशे किंवा त्यांची रस्त्यावरची छायाचित्रं बघून नोंद करायची नाही, परवाना तशी मुभा देत नाही. स्वतःचे डोळे, स्वतःचे फोटो, किंवा ओपनस्ट्रीटमॅपच्या संपादन-साधनात दिलेलं हवाई चित्र, एवढंच चालतं.

उतारावरच्या इमारतीचा एक कोपरा हवेत लोंबकळतो, तेव्हा तिच्या आकृतीखालची किमान उंची शोधून तळ तिथे ठेवा आणि भिंत आणखी दोन मीटर जमिनीत घुसवा. रस्त्यांची अडचण वेगळी. ते जमिनीच्या नेमक्या पातळीवर ठेवले तर जमीन आणि रस्ता एकमेकांतून लुकलुकतात. १०-१५ सेंटिमीटर वर उचला, आणि रुंदी लेनच्या संख्येला ३ ते साडेतीन मीटरने गुणून काढा.

पायरी ५: झाडं

झाडांशिवाय कुठलंही शहर मॉडेलच वाटतं, मग इमारती कितीही सुबक असोत. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये सुटी झाडं बिंदू म्हणून असतात, कधी उंची आणि पानांच्या प्रकारासह. अनेक शहरांच्या पालिकांनी झाडांची गणना खुली केली आहे. न्यूयॉर्कच्या २०१५ च्या गणनेत रस्त्याकडेची साडेसहा लाखांहून जास्त झाडं आहेत, जात आणि बुंध्याच्या मापासकट.

चार-पाच झाडांची मॉडेल घ्या आणि ‘इन्स्टन्स’ करून पसरा. हजारो प्रती झाल्या तरी मेमरीत मॉडेल एकेकदाच राहतं. प्रत्येक प्रत गोल फिरवा, ०.७ ते १.३ पट लहानमोठी करा, रंगात थोडा फरक ठेवा. जंगलाच्या आकारात झाडं ओळीत लावू नका आणि अगदी स्वैरही नको. दोन झाडांत किमान अंतर ठेवून पसरायचा पर्याय ब्लेंडरच्या जिऑमेट्री नोड्समध्ये ‘पॉयसन डिस्क’ नावाने आहे. जंगलाच्या कडेला झाडं बुटकी आणि विरळ ठेवा. नुसत्या तेवढ्यानेही कापून चिकटवल्यासारखी कड जाते.

पायरी ६: ऊन

एकच सूर्य. भरावाचे जास्तीचे दिवे काढून टाका. सावलीतला उजेड आकाशातूनच आला पाहिजे, म्हणून पार्श्वभूमीला ब्लेंडरचं ‘स्काय टेक्श्चर’ लावा आणि त्यातला सूर्य आणि तुमचा सूर्य एकाच दिशेला ठेवा. ‘सन पोझिशन’ ॲड-ऑनमध्ये अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ भरली की दिशा बरोबर येते. दुपारी बाराचं ऊन टाळा. सूर्य क्षितिजाच्या २५ ते ४० अंश वर असला की भूरूप उठून दिसतं.

सूर्याच्या दिव्याला ‘अँगल’ नावाचं एक माप असतं. ते शून्य करू नका. आकाशातलं सूर्यबिंब अर्ध्या अंशाहून किंचित मोठं दिसतं, म्हणून सावलीची कड इमारतीच्या पायाशी धारदार असते आणि लांब जाता जाता पसरते, शंभर मीटरवर जवळजवळ एक मीटर. उंच मनोऱ्याच्या सावलीचं टोक असं विरघळताना दिसलं की मनोरा खरोखर उंच वाटायला लागतो.

रंगांचंही तसंच. पांढराशुभ्र आणि काळाकुट्ट वापरू नका. ताजा बर्फसुद्धा ८०-९० टक्केच प्रकाश परत पाठवतो, नवं डांबर चार-पाच टक्के. बाकी सगळं याच्या मध्ये बसवा, आणि हिरवा रंग तुम्हाला वाटतो त्याहून कमी भडक आणि गडद घ्या. रेंडरच्या रंगव्यवस्थापनात ‘एजीएक्स’ असू द्या, ब्लेंडर ४.० पासून तोच ठरलेला पर्याय आहे. त्याने उन्हातली भिंत भगभगीत फुटत नाही.

पायरी ७: हवा आणि कॅमेरा

लांबचा डोंगर निळसर, फिका दिसतो, कारण मधली हवा निळा प्रकाश जास्त विखुरते. चित्रकारांना हे फार आधीपासून माहीत आहे. ऑस्ट्रियाचे हाइनरिख बेरान यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांची जी विशाल दृश्यं रंगवली, त्यांत जवळचं हिरवं रान दूर जाता जाता निळ्यात कसं विरघळतं ते नीट बघा. ब्लेंडरमध्ये यासाठी खरं धुकं भरायची गरज नाही, त्याला रेंडर फार वेळ घेतो. ‘मिस्ट पास’ (अंतर नोंदवणारा थर) चालू करा आणि कंपोझिटरमध्ये, म्हणजे रेंडर झालेल्या चित्रावर, अंतरानुसार आकाशाचा क्षितिजाजवळचा रंग मिसळा. सुरुवात कॅमेऱ्यापासून काही अंतर सोडून करा. जवळच्या सावल्या गडदच हव्यात.

कॅमेऱ्याची लेन्स ३५ ते ५० मिलिमीटरची. पार्श्वभूमी धूसर करण्याचा पर्याय बंद ठेवा. शेकडो मीटरवरून काढलेल्या खऱ्या हवाई छायाचित्रात सगळंच स्पष्ट असतं. धूसर केलंत की शहर टेबलावरच्या खेळण्याएवढं होतं. दृश्य फार लांबवर जात असेल तर पृथ्वीचा बाकही धरा: १० किलोमीटरवर जमीन सुमारे ८ मीटर खाली जाते, ५० किलोमीटरवर जवळजवळ २०० मीटर.

पायरी ८: आता विटा

भिंतीचं टेक्श्चर मीटरमध्ये बसवा, म्हणजे खिडक्यांची एक ओळ बरोबर एका मजल्याएवढी येईल. इमारतीची उंची मजल्यांच्या पटीत नसेल तर टेक्श्चर किंचित ताणा, अर्धी खिडकी छपराखाली कापली जाऊ देऊ नका. प्रत्येक इमारतीच्या क्रमांकावरून रंगाची किंचित वेगळी छटा काढा. तीन-चार टेक्श्चर पुरतात.

नकाशा लोकांना दाखवताना कोपऱ्यात ‘© ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्ते’ लिहायचं, सेंटिनेलचं चित्र असेल तर कोपर्निकसचं नाव आणि वर्षही. मग तोच कॅमेरा, तोच सूर्य ठेवून पहिल्या दिवशीचं रेंडर शेजारी उघडा आणि तुमच्या ओळखीची एक गल्ली दोन्हींत शोधा. जे छप्पर अजून चुकीचं दिसतंय, त्याचा ‘रूफ:शेप’ कदाचित कुणीच भरलेला नसेल. उद्या तिकडून जाल तेव्हा बघून या.